अर्ध्या तिकिटाचं माहेर

दरवर्षी मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो त्या दुपारी माझा फोन वाजायला लागतो. धुळ्यातल्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. विधानसभेत भाषण चालू असतानाच इथल्या वर्तमानपत्रांना तज्ज्ञांच्या प्रतिक्रिया हव्या असतात. चौकटी ठरलेल्या आहेत: एक सीए, एक व्यापारी, एक शेतकरी, एक गृहिणी आणि एक प्राध्यापक. प्राध्यापक म्हणजे मी. त्यांच्याकडे माझा जो फोटो आहे त्यात केस अजून काळे आहेत. एका वर्षी तर मी भाषण संपायच्या आतच 'निराशाजनक' म्हणून मोकळा झालो, आणि ज्या तरतुदीसाठी मी वर्षभर लिहीत होतो ती भाषणाच्या शेवटच्या भागात आली. छापून निराशाजनकच आलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, मीही कुणाच्या लक्षात आणून दिलं नाही. स्टाफरूममध्ये सहकारी चहाचा कप पुढे करत विचारतात, "सर, यंदा स्वागतार्ह की निराशाजनक?" मी म्हणतो, "दिशाहीन." सगळे हसतात. मीही हसतो.

मी फार बोलणारा माणूस नाही. घरात तर नाहीच. व्यासपीठावर मात्र मला वाचा फुटते, आणि त्या वाचेनेच घात केला. माझ्या बोलण्यामुळे माझ्या मोठ्या बहिणीने माझ्या घरी येणं सोडलं. आमची म्हातारी आई ओट्यावर बसून तिची वाट पाहत राहिली. अक्का का येत नाही हे घरात मला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं. ज्या बाईला कळायला हवं होतं, तिला आम्ही "कांदा काढायचं चालू आहे" असं सांगत होतो. हे आता लिहून टाकतो. आधी वर्तमानपत्रात लिहिलं त्यात जे गाळलं, ते यात घालतो, एवढंच.

अर्थसंकल्प झाला की आमच्या भागात व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. गावोगावची वाचनालयं, व्यापारी मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ बोलावतात. जळगाव, दोंडाईचा, सावदा. न्यायला गाडी येते, शाल-नारळ मिळतो, सावद्याहून परत येताना डिकीत केळीचा घड असतो. पण महसुली तूट, भांडवली खर्च, कर्जावरचं व्याज असे शब्द सलग बोलत गेलं की तिसऱ्या रांगेपासून लोक मोबाइल काढतात. हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून मी उदाहरण देतो. आकड्यापाठोपाठ एक माणूस उभा करायचा, ओळखीतला, थोडा गमतीचा. लोक मान वर करतात. व्याख्यानात उदाहरण रंगलं की तेच लेखात घालायचं, ही माझी कामाची पद्धत. बरीच वर्षं ती बिनबोभाट चालली, कारण ज्यांची उदाहरणं दिली ती माणसं माझे लेख वाचत नव्हती.

अक्का वाचते. सातवीपर्यंत शिकली, पुढे आमच्या वडिलांनी शिकवलं नाही. माझा लेख ज्या दिवशी येतो त्या दिवशी दाजी, म्हणजे तिचे यजमान, पिंपळनेरहून पेपर घेऊन येतात. तिचं सासर पिंपळनेरच्याही पुढे, डोंगराच्या अंगाला आहे. तूट म्हणजे काय आणि अनुदान म्हणजे काय, हे तिने मला कधी विचारलं नाही. फक्त म्हणायची, "फोटो बदल रे भाऊ, तू असा दिसत नही आते."

लग्न झाल्यापासून अक्काचं माहेरी येणं म्हणजे आखाजी आणि दिवाळी. आमच्या खानदेशात आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सासरवाशीण पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण पोरीने आपली आपण निघून यायचं नसतं, भावाने आणायला जायचं असतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर दाराशी बसून राहायचं. मी तरुणपणी तिला आणायला जायचो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, परीक्षेचे पेपर तपासायचे असायचे. मी फोन करायला लागलो, "अक्का, तूच ये ना." ती कधी यायची, बहुतेक वेळा नाही. येण्याजाण्याचं तिकीट दाजींकडून मागावं लागायचं, आणि मागायचं म्हणजे कारण सांगावं लागायचं. आईला बघायचंय, एवढं कारण सासरी पुरत नसे.

मग एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं.

त्यानंतर अक्का बुधवारी यायला लागली. दर बुधवारी म्हणता येणार नाही, पण बहुतेक. सकाळी गावातून काळीपिवळी जीपने पिंपळनेर, तिथून साक्रीवरून धुळे. निळ्या वायरची पिशवी हातात, तिच्यात शेवग्याच्या शेंगा, हिवाळ्यात भरिताची वांगी. धुळ्यातल्या देवपुरात आमच्या दाराशी रिक्षाचा आवाज आला की आई ओट्यावरून उठायचा प्रयत्न करायची. आल्या आल्या अक्का पदर खोचायची, पाणी तापत ठेवायची आणि आईला न्हाऊ घालायची. डोकं धुवायचं, तेल लावायचं, वेणी घालायची, पायाची नखं काढायची. मग दोघी बसून बोलत राहायच्या. आमच्या घरात आता पुस्तकी मराठी चालते. माझ्या मुलीला अहिराणी समजते, बोलता येत नाही. बायको जळगावकडची, तिच्या माहेरची बोली वेगळी. आणि मी तर वर्गात पहिल्या दिवशीच अहिराणी खुंटीला टांगून ठेवली. त्यामुळे आईला आठवडाभर पोटभर बोलायला कुणी नसायचं. बुधवारी ती सगळं साठलेलं बोलून घ्यायची: कोण मेलं, कुणाचं लग्न मोडलं, अमक्या विहिरीला पाणी आहे का. चार वाजता अक्का परतीच्या बसला निघायची.

एकदा मी जेवत होतो आणि ती आईची वेणी घालत होती. मी सहज विचारलं, "इतक्या लांबून येतेस, दमत नाहीस का?" ती हसून म्हणाली, "हाफ तिकीटनं मन्हं माहेर अर्ध्या वाटवर वनं ना भाऊ." आईला कमी ऐकू येतं, पण हे तिला ऐकू आलं. ती इतकी हसली की अक्काच्या हातातली वेणी सुटली. माहेर अर्ध्या वाटेवर आलं! मलाही वाक्य फार आवडलं. आवडलेलं वाक्य मी सोडत नाही. ते मी जपून ठेवलं.

यंदाच्या मार्चमध्ये सावद्याला व्याख्यान होतं. विषय नेहमीचाच, सवलतींचा बोजा. समोर केळीचे व्यापारी, बागायतदार, निवृत्त शिक्षक, दोन-तीन डॉक्टर. आकड्यांवर लोक पेंगायला लागले तेव्हा मी अक्काला काढलं. म्हणालो, आमच्या ओळखीत एक बाई आहेत. दर आठवड्याला निळ्या वायरची पिशवी घेतात, शेवग्याच्या चार शेंगा टाकतात आणि डोंगराकडून थेट धुळ्याला येतात. बाजार नाही, दवाखाना नाही, कोर्टकचेरी नाही. येतात, बसतात, चहा घेतात, चार वाजता परत. म्हटलं, बाई, काम काय? तर म्हणतात, काम कसलं, हाफ तिकीट शे ना!

सभागृह खदखदून हसलं. पुढच्या रांगेतल्या एका बागायतदाराने शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. अध्यक्षांनी समारोपात पुन्हा तेच उदाहरण घेतलं आणि लोक पुन्हा हसले. मला तेव्हा काय वाटलं हे लिहायला हवं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

ती वाक्यं अक्काची नव्हती. तिचं वाक्य माहेराचं होतं. माहेर म्हटलं असतं तर सभागृह हसलं नसतं, समोरच्या प्रत्येकाला एक बहीण असणार. म्हणून माहेर गाळलं. आई गाळली. न्हाणं, तेल, वेणी, नखं गाळली. उरली ती पिशवी, शेंगा आणि एक रिकामटेकडी बाई. हे मी रागाने केलं नाही, विचार करूनही केलं नाही. चाळणीत घातल्यासारखं आपोआप झालं. इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या हाताला कळतं, कशावर लोक हसतील आणि कशावर गप्प होतील.

परत येताना गाडीतच मी लेखाची जुळवाजुळव केली. चार दिवसांनी तो छापून आला. मथळा वर्तमानपत्राने दिला, पण पिशवी आणि शेंगा माझ्याच होत्या.

एक गोष्ट इथेच सांगतो. सवलतींचं गणित मांडू नये असं मला आजही वाटत नाही. तिजोरीतून जाणारा पैसा कुठे जातो हे विचारलंच पाहिजे. सवलत जाहीर झाल्यावर तिची भरपाई कधी होते, गाड्या नव्या येतात का, डोंगराकडच्या फेऱ्या वाढतात की बंद होतात, हे विचारायचे प्रश्न होते. ते विचारले असते तर कुणी हसलं नसतं. आणखी एक. माझा पगार त्याच तिजोरीतून येतो. अनुदानित महाविद्यालय आहे. वेतन आयोगाचा फरक मिळाला तेव्हा त्यातून आम्ही गाडी घेतली. खर्चाच्या बाजूला माझ्यासारख्यांची केवढी मोठी ओळ असते हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवतो. पण इतक्या वर्षांत व्याख्यानात मी स्वतःचं उदाहरण एकदाही दिलेलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी अक्का आली नाही. फोन केला तर म्हणाली, कांदा काढायला घेतलाय. पुढच्या बुधवारी मजूर मिळत नाहीत म्हणाली. तिसऱ्या वेळी फोन दाजींनी उचलला आणि ती शेतात आहे म्हणून सांगितलं. मला खरंच कांदाच वाटत होता. तोवर तर मी दोंडाईच्याला तेच उदाहरण पुन्हा दिलं होतं.

बायकोने एका संध्याकाळी भाजी निवडताना विचारलं, "अक्कांना तुम्ही काही बोललात का?"

"मी? नाही. मी कशाला बोलू?"

"बोलला नाहीत. लिहिलंत." ती मान वर न करता म्हणाली. "मी त्याच दिवशी वाचलं. वाटलं, तुम्हाला कळेल."

पुढे ती थोडक्यात बोलली. अक्काच्या धाकट्या जावेने तिला फोनवर सांगितलं होतं. पिंपळनेरच्या स्टँडवर बायका अक्काची पिशवी बघून हसल्या होत्या. काळीपिवळीवाला सुद्धा म्हणाला होता की अक्का, आमच्या गाडीत हाफ नाही बरं का. आमचं नातं त्या गावात सगळ्यांना माहीत, भावाने बहिणीवर लिहिलंय हे समजायला काही शोध लावावा लागत नव्हता. अक्का एका शब्दाने कुणाला काही बोलली नाही. नुसती बुधवारी घराबाहेर पडेनाशी झाली.

मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या माझ्या परिचिताला फोन केला. म्हटलं, त्या लेखात एक दुरुस्ती द्यायची आहे. त्याने विचारलं, आकडा चुकला का? म्हटलं, नाही. नाव चुकलं? नाव नाहीच त्यात. मग दुरुस्ती कशाची देऊ सर, तो म्हणाला, चूक तर काहीच नाही. मी फोन ठेवला. खरंच, त्यांच्या हिशेबी चूक काहीच नव्हती.

इकडे आईने बायकोकडून न्हाऊन घ्यायला नकार दिला. "अक्का ई ना बुधवारे," म्हणायची, येईलच म्हणून. बुधवार गेला की पुढचा बुधवार. डोक्याला वास यायला लागला. बायकोने एकदा जबरदस्तीने न्हाऊ घातलं तेव्हा आई लहान मुलासारखी रडली. दुपारी रिक्षाचा आवाज आला की ओट्याच्या कठड्याला धरून उठायला बघायची. मी घरात असलो तर आतल्या खोलीत जाऊन बसायचो.

आखाजी जवळ आली. आई एकदम सावध झाली. सकाळी मी चप्पल घालत होतो तेव्हा तिने हाक मारली.

"अक्काले लेवाले कोन जाई?"

मी म्हटलं, ती येईल की आपली आपण.

"आखाजीले एकली कशी ई?" आई म्हणाली. "भाऊ शे ना तिले."

गाडी दारात उभी होती, पण मी एसटीने गेलो. ज्या तिकिटावर तीन वर्षं बोललो आणि लिहिलं, त्या बसमध्ये त्या तीन वर्षांत मी एकदाही चढलो नव्हतो. धुळे स्टँडवर पिंपळनेरची गाडी लागताच बायकांनी खिडकीतून पिशव्या, रुमाल, एकीने तर चप्पल टाकून जागा धरल्या. मी मागून चढलो आणि दांडी धरून उभा राहिलो. वाहकाचं तोंड चालू होतं. "पुरुष मंडळी, आज तरी कुणी आलंय का? नाही तर गाडीवर महिला मंडळ लिहून टाकतो." कुणी तरी मागून म्हणालं, मंडळाचा सचिव तूच हो मग. सगळी गाडी हसली.

साक्रीच्या अलीकडे एक बाई कडेवरचं पोर सावरत सरकली आणि मला म्हणाली, "बठा भाऊ, जागा शे. तुम्हनं तं फुल तिकीट शे."

तिला मला टोमणा मारायचा नव्हता. ती मला कुठून ओळखणार? पूर्ण पैसे भरलेल्या माणसाने उभं राहावं हे तिला बरं वाटलं नव्हतं, इतकंच. मी नको नको म्हणत होतो, पण तिने पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि मला बसावं लागलं. पिंपळनेर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्या गाडीत कुणाला कुठे जायचं होतं, कशासाठी जायचं होतं, हे मी कुणालाही विचारलं नाही. सावद्याच्या लोकांसमोर मात्र मला ते सगळं माहीत होतं.

अक्का अंगणात कांद्याची पात कापत बसली होती. म्हणजे कांदा खोटा नव्हता. मला बघून उठली, हात पुसले, पाण्याचा तांब्या आणून दिला. "ये," म्हणाली. दाजी खाटेवर होते. त्यांनी माझी विचारपूस केली, उन्हाबद्दल बोलले, कांद्याच्या भावाबद्दल बोलले, मग म्हणाले, "तुमच्या लेखणीने आमच्या घराचं नाव झालं बरं का. आता बायकोला बसमध्ये लोक ओळखतात." हसत म्हणाले. मला त्या हसण्याकडे बघता आलं नाही. ते मात्र तेवढं बोलून बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. मला वाटतं, मुद्दामच गेले.

अक्काने भाकरी टाकली, उडदाची डाळ वाढली. मी जेवत असताना ती चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी म्हटलं, "अक्का, माझं चुकलं." हे वाक्य वाटेत बसमध्ये मी बऱ्याच वेळा मनात म्हणून बघितलं होतं. तिथे ते फार लहान वाटलं.

ती वळली नाही. "काय चुकनं? तू लिखं ते बठ्ठं खरं शे. माले बाजार नव्हता, दवाखाना नव्हता. मी बिनकामनीच येत होतू."

"तसं नाही अक्का..."

"तशेच शे. माले वाचता येस भाऊ." आता ती वळली. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "पिशवी लिखी तू. शेंगा लिख्या. चहा लिखा. त्याम्हा माय कोठे शे?"

तिने भाकरीचा आणखी एक तुकडा ताटात टाकला. "जेव," म्हणाली.

ती आली. त्यात मला माफ करण्याचा भाग कितपत होता मला माहीत नाही. आखाजीला भाऊ दारात आला आणि रिकामा परत गेला, असं आमच्याकडे करत नाहीत. तिने लुगडी बांधली, बरणीतल्या लाल तिखटाची पुडी घेतली, निळी पिशवी मात्र खुंटीलाच राहू दिली. सामान एका कापडी थैलीत घातलं. मी पिशवीकडे बघितलेलं तिने बघितलं.

परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. वाहक आला. मी पाकीट काढत म्हटलं, दोन धुळे, एक फुल एक हाफ. अक्काने माझा हात बाजूला केला आणि कंबरेची पिशवी सोडली.

"एक फुल दे," ती वाहकाला म्हणाली.

"अक्का, तुमचं हाफ शे."

"फुल दे."

"अहो, बायांले हाफच शे. सरकारचा नियम शे. तुम्ही कशाला जास्तीचे देता?" वाहकाला वाटलं तिला माहीत नाही. त्याने समजावून सांगितलं, आवाज मोठा करून, जसं म्हाताऱ्यांना सांगतात तसं. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. एकीने सांगितलं, मावशी, सगळ्यांचं हाफच आहे.

"माले काम नही शे," अक्का म्हणाली. "मी फिराले जाई राहिनू. फुल दे."

वाहकाने माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनी विचारलं, यांचं डोकं ठीक आहे ना? मला तेव्हा काही तरी बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की ती आमच्या आईकडे चालली आहे. तेवढं एकच वाक्य. पण भरल्या गाडीत, इतके लोक ऐकत असताना, व्यासपीठावर तास तास बोलणाऱ्या माझ्या तोंडातून ते आलं नाही. वाहकाने खांदे उडवले आणि मशीनमधून फुल तिकीट काढून दिलं. अक्काने त्याची बारीक घडी केली आणि धुळे येईपर्यंत ती मुठीत धरून ठेवली.

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर होती. अक्काने थैली ठेवली, पदर खोचला आणि पाणी तापत टाकलं. न्हाणीघरातून दोघींचा आवाज येत राहिला. आई एका दमात सगळं विचारत होती, कांदा कसा आहे, विहिरीला पाणी किती, जावेच्या सुनेचं बाळंतपण कधी. मग म्हणाली, "इतला दिवस काब्र वनी नही?" मी बाहेर कान देऊन उभा होतो. अक्का म्हणाली, कांदा होता. मला तिने वाचवलं, आणि वाचवून घेताना मी तिथून हललो नाही.

आखाजी झाली. मांडे झाले, शेजारच्या आंब्याला झोका बांधला, माझी मुलगी आणि अक्का त्यावर बसल्या. निघायच्या दिवशी मी अक्काला म्हटलं, बुधवारी येत जा पूर्वीसारखी. आई वाट बघते. ती चपलेत पाय घालत होती.

"तू लेवाले येशी तं येसू," ती म्हणाली.

वाक्यात राग नव्हता. तिने फक्त रीत सांगितली. भाऊ आणायला आला तर बहीण बिनकामाची नसते, तिला कुणी विचारत नाही, तिची पिशवी बघून कुणी हसत नाही. मधली तीन वर्षं तिला कुणाची वाट बघावी लागत नव्हती. मनात आलं की ती पिशवी उचलून निघत होती. दाजींकडे हात पसरायचा नव्हता, माझ्या फोनची वाट बघायची नव्हती. अर्ध्या तिकिटाचा खरा हिशेब तो होता, आणि तो माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या ताटासमोर दर आठवड्याला मांडला जात होता. तो मी वाचला नाही. तिला मिळालेलं ते मी एका हशासाठी काढून घेतलं आणि तिला पुन्हा दाराशी, मुराळ्याची वाट बघत, बसवलं.

आता मी बुधवारी जातो. सुट्टी होती तोवर सोपं होतं. जूनमध्ये वेळापत्रकात बुधवारचे तास दुसऱ्यांना दिले, त्यांचे शनिवारचे घेतले. कारण विचारलं तेव्हा घरगुती म्हणालो. सकाळच्या गाडीने पिंपळनेर, तिथून काळीपिवळी, अक्काला घेऊन परत, चार वाजता पुन्हा तिला पोचवायला जायचं. काही बुधवारी जमत नाही, त्या बुधवारी ती येत नाही. वाहक आता आम्हाला ओळखतो. न बोलता दोन फुल फाडतो. मी दर वेळी पैसे पुढे करतो, आणि ती दर वेळी आपले वेगळे देते. निळी पिशवी मी पुन्हा पाहिलेली नाही.

मागच्या बुधवारी आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा आई ओट्यावर शेजारणीशी बोलत होती. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात, गल्लीभर ऐकू जात होतं.

"मन्हा आंडोर दर बुधवारे बहिणले लेवाले जास," आई सांगत होती. "इतला मोठा प्रोफेसर, पण स्वतः जास. आजकाल कोन करस असं?"

शेजारणीने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. अक्काही बघत होती. मी रिक्षावाल्याला सुटे देण्यात वेळ घालवला, मग आत गेलो आणि आईच्या न्हाण्याचं पाणी तापत ठेवलं.